सर्फ-सिनेमांना सुरुवात करताय? मग हे वाचा

सर्फ-सिनेमे म्हणजे १९६०च्या आसपासचे, समुद्रकिनाऱ्यावरच्या तरुणाईचे हलकेफुलके अमेरिकन सिनेमे. ते सगळे एका बैठकीत संपवायला जाऊ नका, तिसऱ्यातच कंटाळाल. बहुतेकांत कथानक तेच: नायक-नायिका फ्रँकी आणि अ‍ॅनेटचं भांडण, रुसवेफुगवे, गाणं, दिलजमाई.

आधी १९५९चा 'गिजेट' बघा. त्यात मुलगी खरोखर फळी घेऊन सर्फिंग शिकते, म्हणून तो आजही धरून ठेवतो. मग १९६३चा 'बीच पार्टी'. पुढे जमलं तर १९६५चा 'बीच ब्लँकेट बिंगो'. त्यात मूकपटांच्या जमान्यातला बस्टर कीटन म्हातारपणी धमाल करतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- खऱ्या सर्फिंगची अपेक्षा ठेवतात. हिरो स्टुडिओत फळीवर डुलतो, लाट मागच्या पडद्यावर! खऱ्या लाटा हव्यात तर 'राइड द वाइल्ड सर्फ' (१९६४) बघा, हवाईतल्या वायमिया बेच्या.
- लॉजिक शोधतात. 'बीच पार्टी'छाप सिनेमांत एरिक फॉन झिपर हा बाइकवाला 'खलनायक' आहे, पण त्याला घाबरायचं नसतं, हसायचं असतं.
- गाणी पळवतात. अहो, 'मसल बीच पार्टी'त कोवळा स्टीव्ही वंडर गातोय आणि तुम्ही फॉरवर्ड करताय?

बाकी दिग्दर्शक, स्टुडिओ, नकला वगैरे नंतर. आधी 'गिजेट' बघून कसा वाटला ते कळवा.