डोळे चुरचुरतात, लाल होतात. घरच्या घरी काय करावं, काय खावं?

तुम्ही लिहिलंय की रोज आठ-नऊ तास कॉम्प्युटरवर काम असतं, संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. गुलाबपाणी घालू का, काकडी ठेवू का, गाजर खाऊन चष्म्याचा नंबर उतरेल का, असं तुम्हाला विचारायचंय. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढून देणारी. दुकानात हे रोज कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बसलं की हे निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही खाली, आणि जी पापणी मिटते तीही अर्धवट. मग डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर मध्येच सुकतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यात माझी एक भर: तेवढ्या वेळात पाच-सहा वेळा डोळे पूर्ण मिटा, वरची पापणी खालचीला टेकेपर्यंत. एसीचा झोत किंवा टेबलफॅन तोंडावर नको. मॉनिटर नजरेच्या थोडा खाली हवा. वर बघावं लागलं की डोळा जास्त उघडा राहतो आणि लवकर कोरडा पडतो.

खरा घरगुती उपाय म्हणाल तर शेक. पापण्यांच्या कडेला बारीक तेलग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून पाणी लगेच उडून जात नाही. हे तेल घट्ट झालं की ग्रंथींची तोंडं बुजतात. स्वच्छ सुती रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. मिनिटाभरात तो गार होतो, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. पुन्हा बुडवा, पुन्हा ठेवा, असं आठ-दहा मिनिटं. मग धुतलेल्या बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच चोळा. रांजणवाडीलाही हाच शेक चालतो. तळहातावर बोट घासून गरम करून लावायची आजीची पद्धत त्याच वाटेवरची, फक्त तेवढी ऊब पुरत नाही. रांजणवाडी फोडायची मात्र नाही.

काकडीच्या चकत्या खुशाल ठेवा. गार वाटतं, सकाळची सूज थोडी उतरते. गार पाण्याची घडीही तेच काम करते, मग काकडी कोशिंबिरीत गेली तरी चालेल. डोळे खाजत असतील तर गारच बरं, गरम शेक नको.

गुलाबपाणी नको. मध, लिंबू, कांद्याचा रस, एरंडेल, तूप, आईचं दूध, रात्रभर भिजवलेलं त्रिफळ्याचं पाणी, यातलं काहीही डोळ्यात घालू नका. नैसर्गिक असेल, निर्जंतुक नसतं. बुबुळावर साधा ओरखडा असला आणि त्यात जंतू शिरले की जखम होते. ती भरली तरी पांढरा डाग राहू शकतो, डोळ्यात फूल पडतं म्हणतात ते हेच. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा अशी घरगुती औषधं घालून डोळे आणखी सुजवून घेतलेले लोक मी पाहिले. डोळे आले तर ते विषाणूमुळे असल्यास बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. चुरचुरीवर थेंब हवेच असतील तर मेडिकलमध्ये कृत्रिम अश्रू मिळतात, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. घरातल्या कुणाचे उरलेले ड्रॉप्स तर घालूच नका. त्यात स्टिरॉइड असलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो.

आता खाण्याचं. गाजराचं कौतुक फार होतं, पण अ जीवनसत्त्वासाठी आपल्याकडे शेवग्याचा पाला आहे, आणि तो बऱ्याचदा फुकट मिळतो. कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर ही भाजी होतेच. वर्षभर करायला काय हरकत आहे? पानं ओरबाडून देठ काढायचे (हे काम टीव्हीसमोर बसून करा), धुवायची, लसूण-मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या मुगडाळीबरोबर झाकण ठेवून वाफवायची, वरून ओलं खोबरं. फोडणीचं तेल आणि खोबरं इथे चवीपुरतं नाही. पानांतलं बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. म्हणूनच कच्च्या गाजराच्या रसापेक्षा तेलातली गाजराची भाजी किंवा तूप घातलेला हलवा जास्त लागू पडतो, साखरेचं तेवढं बघा. पालक, मक्याचं कणीस आणि अंड्याचा पिवळा बलक यांतली ल्युटीन, झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मधोमध साठतात. मासे खात असाल तर बांगडा, तारली उत्तम.

हे सगळं कमतरता भरून काढायला. पोटात अ जीवनसत्त्व पुरेसं जात असेल तर ढीगभर गाजर खाऊन जास्त दिसत नाही. आणि अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नका, विशेषतः गरोदरपणात.

नंबर यातल्या कशानेच उतरत नाही. नंबर डोळ्याच्या लांबीवर आणि बुबुळाच्या गोलाईवर ठरतो, आहाराने ती बदलत नाही. घरात लहान मुलं असतील तर त्यांना मात्र रोज दीड-दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या. त्याने लांबचा नंबर लागण्याची शक्यता कमी होते, हे अभ्यासांत दिसलंय.

तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं का, हेही तुम्ही विचारलंय. घासा की, झोप छान लागते. पाय काळे होतात ती ‘डोळ्यांतली उष्णता’ नव्हे, काशाचा आणि तुपाचा मिळून झालेला रंग आहे.

अचानक अंधुक दिसलं, डोळ्यापुढे विजा चमकल्या, पडदा आल्यासारखं झालं किंवा लाल डोळा ठणकायला लागला, तर शेक-बिक न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मधुमेह असेल तर काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. त्या ड्रॉप्सनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या.