पळतोय तरी काटा वरच! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मी साताऱ्यातच राहतो, वय ४१, बँकेत नोकरी म्हणजे दिवसभर खुर्ची. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी चार महिने झाले पळतोय, आठवड्याला ३५ किमी होतात. सुरू केलं तेव्हा ७९ किलो होतो, आता ८०! भात बंद केलाय, सकाळी काही न खाता पळतो. मागच्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात तेराव्या किमीला डोळ्यापुढं अंधारी आली, कठड्यावर बसून राहिलो. बायको म्हणते बास झालं हे सोंग. रेस सात आठवड्यांवर आलीय, पाच किलो तरी कमी करायचेत. कसे करू?

उत्तर : दादा, वहिनींचं अर्धं ऐका. पळणं सोडू नका, उपाशीपोटी लांब पळायचं सोंग मात्र आजच बंद करा.

आधी हिशोब बघू. पळताना साधारण किलोमागं किमीला एक कॅलरी जाते, म्हणजे तुमचे ८० किलो गुणिले ३५ किमी, आठवड्याला २८०० झाल्या. ऐकायला लय वाटतं पण दिवसाला चारशेच होतात ना, आणि एक किलो चरबी म्हणजे साडेसात हजाराच्या वर. त्यात रविवारी पळून झालं की ग्रुपबरोबर मिसळ, जादा पाव, वर कुणाचा तरी वाढदिवस म्हणून कंदी पेढे, हे तुम्ही लिहिलं नाही पण मीही साताऱ्यातच पळतो, मला माहितीय. सकाळची निम्मीअर्धी कमाई तिथंच खर्च होते.

दुसरं म्हणजे वाढलेला तो एक किलो चरबीच असेल असं नाही. पळायला लागलं की स्नायू साखरेचा साठा वाढवतात, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. त्यामुळं काटा दीड-दोन किलो इकडं तिकडं सहज होतो. भात बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात जे "उतरतं" ते बरंचसं हेच पाणी असतं, आणि नेमका हाच साठा घाटात लागतो! रात्री भात नाही, सकाळी पोट रिकामं, आणि समर्थ मंदिर सोडल्यावर चढच चढ, अंधारी येणार नाही तर काय होणार. तरी चाळिशीनंतर असं झालंय तर रेसआधी एकदा डॉक्टरला दाखवून ईसीजी काढाच, छातीत दुखत असेल तर उद्याच जा.

आता पाच किलोचं. सात आठवड्यांत नाही होणार, झाले तरी पायातलं मांस घेऊन जातील. आठवड्याला अर्धा किलो ठीक आहे, तेही पहिले पाच आठवडे, शेवटचे दोन आठवडे पोटभर खायचं. म्हणजे दोन-अडीच किलो. यात फायदा किती? चढावर आपलं ओझं आपणच ओढतो हे खरं, ८० मधले दोन म्हणजे अडीच टक्के, तासाभराच्या चढात मिनिट-दीड मिनिट वाचेल. आणि साठा संपून कठड्यावर बसलात तर दहा मिनिटं गेली.

कापायचं ते सोप्या दिवशी कापा. ज्या दिवशी पळणं नाही किंवा पाच किमी हळू आहे त्या दिवशी पाच वाजताच्या चहाबरोबरचं भडंग, फरसाण, रात्रीची दुसरी वाढणी, हे काढा, आमटी-भाकरी-उसळ राहू द्या, सोबत अंडी किंवा दही-पनीर वाढवा. शनिवारी रात्री मात्र भात खायचाच, पहाटे एक केळं, आणि तासापेक्षा जास्त पळणार असाल तर खिशात खजूर किंवा चिक्की, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज (म्हणजे पिठूळ-गोड खाण्यातले कर्बोदके) पोटात गेले पाहिजेत, एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात. काटा आठवड्यातून एकदाच बघा, रोज बघून डोकं फिरतं, त्यापेक्षा पँटची कंबर खरं सांगते.

प्रश्न : लाँग रननंतर माझं वजन दीड किलो कमी भरतं, हे कमावलं म्हणायचं का? (कराड)

उत्तर : नाही हो, तो घाम आहे. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर, दुपारपर्यंत पाणी, ताक, जेवण यातून परत येणार आणि यायलाच पाहिजे. उलट पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर जपा, गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात, त्यानं रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जास्त धोक्याचं.

प्रश्न : मी सांगलीची, वय २३. सहा महिन्यांत ५३ वरून ४७ किलोवर आले, आधी टायमिंग सुधारलं, आता परत घसरलंय, नडगी दुखते आणि तीन महिने पाळी आली नाही. मैत्रीण म्हणते अॅथलीटना असं होतंच. भिंतीवर ललिता बाबरचा फोटो लावलाय, तेवढं बारीक व्हायचंय.

उत्तर : ताई, मैत्रीण चुकीचं सांगतेय. पाळी थांबणं म्हणजे शरीरानं खर्चाला पैसे नाहीत म्हणून एकेक खोलीचा दिवा बंद करणं. खाणं खर्चाला पुरत नाही तेव्हाच्या या अवस्थेला रेड-एस म्हणतात, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये हे नाव पुढं आणलं, यात हाडं ठिसूळ होतात आणि नडगीचं दुखणं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं. फोटो राहू दे, माण तालुक्यातल्या मोहीची पोरगी २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळून दहावी आली, अभिमान वाटायलाच हवा, पण फोटो बघून कुणी स्वतःचं वजन ठरवतं का? सध्या पळणं थांबवा, पोटभर जेवा, आणि याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा, नडगीसाठी हाडांच्या डॉक्टरकडं. जाताना गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहून न्या, आणि आईला बरोबर घ्या.