एकटं बसणं आवडतं, यात काही बिघडलंय का?

प्रश्न : माझं वय ४७. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून घरात मी एकटीच. नोकरीवरून आले की दिवा न लावता तासभर खिडकीशी बसते, काहीही करत नाही. मैत्रिणी म्हणतात, ‘अशी एकटी बसू नकोस, डिप्रेशन येईल.’ मला तर तो तास हवाहवासा वाटतो. हल्ली भावाचा फोनही वाजू देते, ‘कामात होते’ असा मेसेज टाकते आणि मग तो पुन्हा करतोय का याची वाट बघते. एकांत आवडणं आणि एकटं पडणं, फरक कसा ओळखायचा?

उत्तर : खिडकीशी बसण्यात मला काही वावगं दिसत नाही. दिवसभर माणसांत वावरून आल्यावर तासभर कुणाशी बोलू नये असं वाटणारच. शिवाय असं नुसतं बसणं सगळ्यांना झेपत नाही. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. एकेकाला १५ मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं. फोन नाही, वाचायला काही नाही. फक्त एक बटण, जे दाबलं की विजेचा हलका झटका बसायचा. हा झटका नको म्हणून पदरचे पैसे मोजू, असं आधी म्हणालेल्यांपैकीही १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या सहा जणींनी ते बटण दाबलंच! तुम्हाला तर तो तास हवासा वाटतो. मैत्रिणींना खुशाल सांगा.

मी अडखळले ती फोनच्या वाक्यावर. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. नको म्हणून फोन घेतला नाही आणि विषय संपला, असं झालं असतं तर मी काहीच बोलले नसते. तुम्ही वाट बघताय. म्हणजे भाऊ हवाय, पण त्याने दोनदा विचारल्यावर.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते तो भुकेसारखा असतो, माणसं हवीत हे सांगणारा. पण तो लांबला की मन उलटं वागतं. साध्या बोलण्यातही टोमणा ऐकू येतो, आपण आधीच मागे सरतो, मग समोरचाही विचारायचं कमी करतो. यात घरात किती माणसं आहेत याचा फारसा संबंध नसतो. भरल्या घरातही हे होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात साधारण सहांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो, तेव्हा लाजायचं कारण नाही.

एक मात्र बघा. तो तासही नकोसा वाटू लागला, झोप-भूक बिघडली, कशातच मन लागेना आणि असं दोन आठवडे राहिलं, तर डॉक्टरांकडे जा. ते दुखणं वेगळं.

आज भावाला तुम्ही फोन करा. ‘कामात होते’ म्हणू नका; ‘अंधारात बसले होते, उचलावासा वाटला नाही’ असंच सांगा. तो आधी घाबरेल, घाबरू दे. त्या तासात फोन आतल्या खोलीत ठेवत जाईन आणि नंतर मीच करीन, हेही त्याला सांगून टाका.