हिस्टेरिया, उदर आणि घुमणारा पारवा

चित्रकलेचा इतिहास शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. युरोपातल्या चित्रांमधून 'फीमेल हिस्टेरिया', म्हणजे पूर्वी बायकांचा मानलेला झटक्यांचा आणि घुसमटीचा आजार, कसा दिसत गेला, यावर त्यांना विद्यार्थ्यांसमोर बोलायचंय. मराठी शीर्षकात कोणता शब्द घ्यावा? 'स्त्री-उन्माद', 'योषापस्मार' आणि 'गर्भाशयोन्माद' असे तीन शब्द त्यांनी काढून ठेवलेत. मुलांना मात्र 'हिस्टेरियाची हिस्टरी' आवडलंय. शिवाय हिस्टेरिया आणि उन्माद एकच का, असा एक उपप्रश्नही आहे.

ताई, तुम्ही विचारलंत तरी. बाकीचे न विचारता शब्द फेकतात. गेल्या आठवड्यात बँकेच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. पेन्शनची नोंद सलग तिसऱ्या महिन्यात चुकलेली, म्हणून आवाज चढला. मागून एक गृहस्थ म्हणाले, "हिस्टेरियाच आहे हा." त्याआधी काउंटरवर हात आपटून गेलेल्या काकांना कोणी काही म्हटलं नव्हतं. रागावलेल्या बाईला हा शब्द चिकटवला की तिचं पासबुक उघडून बघायची गरजच उरत नाही. मला याचा संताप येतो, कारण या शब्दाच्या पोटात काय आहे ते वापरणाऱ्याला ठाऊक नसतं. पोट म्हणते ते शब्दशः म्हणते, आणि आता तिकडेच वळते.

ग्रीक 'हुस्तेरा' म्हणजे गर्भाशय, त्यावरून हिस्टेरिया, इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण गर्भाशयाला 'हुस्तेरा' का म्हणाले? खरी गंमत इथे आहे. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या उकाराला हकार लागतो. आपलं 'उपरि' तिकडे 'हुपेर' होतं, त्याचा आजचा 'हायपर'. आपल्या 'उदका'चा भाऊ 'हुदोर', त्याचा 'हायड्रो'. दुसरा नियम असा की द आणि त शेजारी आले की संस्कृतात 'त्त' होतो आणि ग्रीकमध्ये 'स्त'. आता 'हुस्तेरा' उलटं वाचा. हकार काढा, 'स्त'चा 'त्त' करा. उत्तरा!

हे काही माझ्या पदरचं नाही. ग्रीक 'हुस्तेरोस' म्हणजे नंतरचा, मागचा, आणि तो आपला 'उत्तर' आहे याबद्दल भाषाशास्त्रात वाद नाही. गर्भाशय हे त्याचंच स्त्रीलिंगी रूप मानणारे विद्वान म्हणतात, 'मागची' किंवा 'शेवटची' जी, ती हुस्तेरा. महाभारतात अश्वत्थाम्याचं अस्त्र जिच्या गर्भावर आलं, तिचं नाव उत्तराच असावं हा निव्वळ योगायोग आहे. पण पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते.

मुलांच्या शीर्षकाचंही इथेच सांगून टाकते. 'हिस्टरी' आली ग्रीक 'हिस्तोर'वरून, म्हणजे जाणता. त्यातला धातू आपला 'विद्', आणि इथेही द-तचा 'स्त' झालाय. आपल्याकडे त्याच धातूचा 'वेत्ता' झाला. म्हणजे हिस्टरी ही वेदाच्या घरची. हिस्टेरियाशी तिचं रक्ताचं नातं नाही, दोघींना फक्त ध्वनीचा नियम एक लागला.

तरीही मी उत्तरा पक्षाची नाही. मी उदर पक्षाची आहे. उच्चाराचा हिशोब उत्तराकडे चोख बसतो, पण अवयवाला 'मागची' म्हणायचं कशाला? याउलट 'उदर' बघा. लंबोदर, वृकोदर, दामोदर यांत ते पोट आहे, 'सहोदर' म्हटलं की तेच गर्भाशय होतं. लॅटिन 'उतेरुस' तसाच दुहेरी आहे. ट्रॉयच्या लाकडी घोड्याचं पोट सशस्त्र सैनिकांनी भरलं हे सांगताना कवी व्हर्जिल 'उतेरुस' हाच शब्द वापरतो. ग्रीकांच्या एका जुन्या शब्दसंग्रहात पोटासाठी 'होदेरोस' असा शब्दही नोंदलेला आहे. एवढी सगळी पोटं एका रांगेत असताना हुस्तेराला एकटीला रांगेबाहेर का काढायचं? आक्षेप ठाऊक आहे: उदरात नुसता 'द' आहे, मग हुस्तेरात 'त' कुठून आला? माझा तर्क असा, की शेजाऱ्याकडून. आतड्याला ग्रीकमध्ये 'एन्तेरोन' म्हणतात, म्हणजे आपलं 'आंत्र'. पोटातला एक अवयव 'तेरोन'वर संपतो म्हटल्यावर दुसऱ्याने त्याच घडणीत शिरणं भाषेत नवं नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी 'मागची' कशाच्या मागची, एवढं तरी सांगावं.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या शाखेत उदर सगळ्यांना राहिलं, गणपतीला आणि भीमालासुद्धा. ग्रीकमध्ये ते आकसत बाईपुरतं उरलं, आणि मग बाईच्या प्रत्येक दुखण्याचा आळ त्याच्यावर आला.

तुमच्या उपप्रश्नाचं उत्तरही याच मुळात आहे. 'उन्माद' म्हणजे उद् अधिक माद, मद वर चढणं. उत्तरातला 'उद्' तोच. म्हणजे उत्तरा पक्ष खरा धरला तरी हिस्टेरिया आणि उन्माद फक्त उपसर्गापाशी भेटतात, आणि पुढे त्यांची भेट नाही. उन्मादात गर्भाशय कुठेही नाही. उन्माद पुरुषाला होतो, गर्दीला होतो, विजयाचाही होतो. म्हणून 'स्त्री-उन्माद' लिहिलंत की शब्दातला आळच पुसला जातो, आणि तुमचं व्याख्यान तर त्या आळाबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट व्याख्यानात टाळा: 'प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसने या आजाराला हिस्टेरिया हे नाव दिलं.' जाडजूड पुस्तकंही हे वाक्य एकमेकांवरून उतरवत आली आहेत. हेलन किंग या अभ्यासिकेने १९९३ साली मूळ ग्रीक वाचून दाखवलं की हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत हे नाम नाहीच. विशेषण आहे, 'गर्भाशयामुळे होणारी घुसमट' अशा अर्थाने. त्या ग्रंथांत आजाराचं नाव आलं ते १९व्या शतकात एमिल लित्रेने फ्रेंच भाषांतर करताना घातलेल्या मथळ्यांमधून. इतका उघड पुरावा समोर असताना जुनंच वाक्य पुन्हा छापणाऱ्यांना विद्वान म्हणणं मला जड जातं.

घुसमटीवरचा जुना उपाय मात्र चित्रांत सापडतो. गर्भाशय शरीरात भटकतं, वर चढलं की श्वास कोंडतो, म्हणून नाकाशी घाण वास धरायचा, की ते खाली पळतं. १६६०च्या आसपास डच चित्रकार यान स्टेनने 'वैद्याची भेट' हा प्रसंग अनेकदा रंगवला. फिकट चेहऱ्याची तरुणी उशीला टेकलेली, वैद्य नाडी धरून, आणि जमिनीवर निखाऱ्याच्या भांड्यात एक फीत जळतेय. काही अभ्यासक फीत जाळणं ही गर्भ राहिलाय का याची परीक्षा मानतात, काही गर्भाशयाला पिटाळणारा धूर. म्युनिकमधल्या चित्रात तर लिहिलंच आहे की इथे औषध चालायचं नाही, हे प्रेमाचं दुखणं आहे. आपल्याकडे आकडी आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात. त्याचा या डच धुराशी संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही. पण ती फीत पाहिली की मला आमच्या वाड्यातला फोडलेला कांदा आठवतो. तिथे तो बाप्या-बाईला सारखाच हुंगवत.

आता साल्पेट्रिएर. पॅरिसचं हे रुग्णालय, नावात 'सॉल्टपीटर' म्हणजे सोरा, कारण तिथे आधी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. १८७०च्या दशकात झां-मार्तां शार्को या डॉक्टरने तिथे हिस्टेरियाला चेहरा दिला, आणि तो छायाचित्रांनी दिला. १८७६ ते १८८० मध्ये रुग्ण स्त्रियांच्या छायाचित्रांचे तीन खंड निघाले. त्यात सर्वाधिक गाजली ऑगस्तीन, जी १४ वर्षांची असताना दाखल झाली होती. तिच्या फोटोंखाली 'परमानंद', 'विनवणी', 'धमकी' अशा अर्थाची नावं छापलेली आहेत, रंगभूमीवरच्या मुद्रांना द्यावी तशी. १८८० साली ती पुरुषाचे कपडे घालून तिथून पळाली.

आणि ते मोठं चित्र, आंद्रे ब्रुइयेने १८८७ साली काढलेलं 'साल्पेट्रिएरमधला एक पाठ', जवळजवळ सव्वाचार मीटर रुंद. उजवीकडे ब्लांश विटमन ही रुग्ण, पोलकं खांद्यावरून उतरलेलं, डावा हात मनगटात पिळवटलेला, मागे कोसळतेय. तिला बाबिन्स्की या तरुण डॉक्टरने सावरलंय. शार्को बोलतोय, समोर काळ्या कोटातले तीसेक पुरुष. बहुतेकांची नजर इथेच थांबते. थोडं डावीकडे जा. मागच्या भिंतीवर एक मोठं रेखाटन टांगलंय: झटका आलेली बाई, टाचा आणि डोकं टेकलेलं, मधलं शरीर कमानीसारखं वर. ते काढलं शार्कोचा सहकारी पॉल रिशे याने, जो स्वतः याच चित्रात प्रेक्षकांत बसलाय. पुरुषांची पाठ त्या रेखाटनाकडे आहे. ते समोर आहे ब्लांशच्या. पुढचा झटका कसा यायला हवा याचा नमुना तिच्या डोळ्यांपुढे लावलेला!

हाच बाबिन्स्की पुढे म्हणाला की 'हिस्टेरिया' शब्दच टाकून द्या. १९०१ साली त्याने 'पिथियाटिझम' शब्द घडवला, समजावणीने बरा होणारा या अर्थाचा. शब्द रुजला नाही, पण ज्याच्या हातावर ती बाई कोसळली त्यालाच तिच्या दुखण्याचं नाव खटकावं, हे मुलांना सांगाच.

रिशेच्या कमानीवरून मला चरक आठवतो. त्याच्या संहितेतल्या सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात अपतंत्रक या झटक्यांच्या रोगाचं वर्णन आहे. चिडलेला वायू वर चढतो आणि 'धनुर्वन्नमयेद्गात्राणि', शरीर धनुष्यासारखं वाकवतो. शार्कोची कमान हीच. आपल्या 'धनुर्वाता'तलं धनुष्यही असंच वाकलेलं. पण चरकाच्या या वर्णनात गर्भाशयाचं नाव नाही. पुढे तो म्हणतो, 'कपोत इव कूजेत्', रोगी पारव्यासारखा आवाज काढतो. आता मराठीत पारवा काय करतो? घुमतो. आणि अंगात आलेली बाई? तीही घुमते. संस्कृताने उपमा दिली ती मराठीने एका क्रियापदात सांभाळली. हे क्रियापद आपल्याकडे असताना लोक 'हिस्टेरिकल' शोधत बसतात, याचं मला वाईट वाटतं.

हो, 'योषापस्मार' राहिलंच. योषा म्हणजे स्त्री, अपस्मार म्हणजे फेफरं. साल्पेट्रिएरमध्ये फेफऱ्याच्या आणि हिस्टेरियाच्या बायका एकाच वॉर्डात ठेवल्या गेल्या आणि त्यातून निदानाचा जो गोंधळ झाला, तो या शब्दात जसाच्या तसा आहे. शिवाय योषा कशासाठी? खुद्द शार्कोने पुरुषांमधल्या हिस्टेरियावर पुष्कळ लिहिलंय. शिल्पकार लुईज बुर्ज्वा हिचं १९९३चं 'हिस्टेरियाची कमान' हे शिल्प दाखवा: चकचकीत ब्राँझ, छताला टांगलेलं, रिशेच्या रेखाटनातलीच कमान, पण शरीर पुरुषाचं आणि डोकं नाही. साचा तिच्या सहायकाच्या अंगावरून घेतलेला. तोवर वैद्यकाने शब्द सोडूनही दिला होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीतून 'हिस्टेरिया' हे नाव १९८० साली गेलं. बँकेच्या रांगेत ही बातमी अजून पोचलेली नाही.

'गर्भाशयोन्मादा'त निदान आळ शिल्लक आहे, पण त्यात नसलेला उन्माद घुसवलाय, म्हणून तोही नको. 'हिस्टेरिया' तसाच ठेवा, तो शब्द त्यांचा आहे आणि त्यातलं गर्भाशयही त्यांचं. शीर्षक 'हिस्टेरिया: चित्रांनी घडवलेलं दुखणं' असं करा. पहिली स्लाइड ब्रुइयेची लावा, आणि मुलांना ब्लांशच्या आधी मागची डावी भिंत बघायला सांगा.