आईचे अठरा लाख आणि तुमचा स्टॉपलॉस

प्रश्न: मी 43 वर्षांचा, नाशिकला खासगी कंपनीत नोकरी. हातात येणारा पगार 1 लाख 10 हजार. दोन वर्षांपासून दर आठवड्याला निफ्टीचे ऑप्शन विकतो, 8 लॉटचा (लॉट म्हणजे सौद्याचा ठरलेला गट) शॉर्ट स्ट्रँगल: बाजाराच्या वरचा लांबचा कॉल आणि खालचा लांबचा पुट एकत्र विकायचा, निफ्टी मध्येच राहिला तर पैसे आपले. शिकताना गेलेले अडीच लाख सोडले तर गेल्या 14 महिन्यांत सगळा खर्च जाऊन महिन्याला सरासरी 22 हजार सुटतात. मार्जिनसाठी, म्हणजे सौद्याच्या अनामतीसाठी, 18 लाखांचा लिक्विड फंड प्लेज केला आहे (तारण ठेवला आहे). वडील गेल्यावर आईने हे पैसे पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत ठेवले होते. दीड वर्षाने ते काढून माझ्या नावावर फंडात टाकले. त्याशिवाय माझे स्वतःचे 6 लाखांचे इक्विटी फंड. आईला दरमहा न चुकता 15 हजार देतो. गेल्या महिन्यात 12 रुपयांना विकलेल्या पुटला तोटा थांबवणारा स्टॉपलॉस लावला होता: 24 चा ट्रिगर आणि 26 ची लिमिट. भाव 23 वरून थेट 31 वर गेला, ऑर्डर पेंडिंगच राहिली. शेवटी हाताने 62 ला कापलं. 7 हजारांच्या जागी 26 हजार गेले. एक जण रोज फोन करून 60 हजार रुपये वार्षिक फीवर आपोआप सौदे करणारं अल्गो सॉफ्टवेअर देतोय, बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवर चालवून पाहिलं तर) महिना 4 टक्के दिसतात. ते घ्यावं, की आधी जास्त वेगवान ब्रोकर बघावा?

उत्तर: सॉफ्टवेअर घेऊ नका. ब्रोकर बदलूनही फरक पडणार नाही. कारण सांगतो, पण तुमच्या पत्रात खरी भीतीदायक ओळ स्टॉपलॉसची नाही, आईच्या पैशांची आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

तुमचाच हिशेब तुमच्यापुढे मांडतो. 14 महिने गुणिले 22 हजार म्हणजे 3.1 लाख. ‘शिकताना गेलेले’ अडीच लाख सोडून देता येत नाहीत, ते खात्यातूनच गेले. राहिले 60 हजार. पोस्टातली ठेव दोन वर्षं पुरी होण्याआधी मोडली म्हणून दीड टक्का कापला गेला असणार, म्हणजे 27 हजार. राहिले 33 हजार. याच दोन वर्षांत आईला दिले 15 हजार गुणिले 24, म्हणजे 3.6 लाख. हे पैसे ट्रेडिंगमधून आलेच नाहीत. तुमच्या पगारातून गेले, आणि महिन्याला 15 हजार ऑप्शनमधून निघतात असं तुम्ही स्वतःला पटवून घेतलंत.

आता त्या ठेवीला हात लावला नसता तर? 18 लाखांवर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 48 हजार, महिन्याला 12,300. आईचं दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर तिला करही नाही. तुम्ही म्हणाल, लिक्विड फंडही वाढतोच आहे. हो, वाढतो. साडेसहा टक्के धरले आणि तुमच्या स्लॅबचा कर वजा केला तर वर्षाला 90 हजारांच्या आसपास. म्हणजे वर्षाला 58 हजार कमी, दोन वर्षांत 1 लाख 16 हजार कमी. त्यात ट्रेडिंगचे 33 हजार मिळवा. दोन वर्षं दर आठवड्याला जीव मुठीत धरून कुटुंब 80 हजारांनी मागे आहे. यात कर अजून धरलेलाच नाही.

सगळं सुरळीत चाललं असं मानलं तरी बघा. ठेव 12,300 देत होती, तुम्ही 15 हजार देता. वरच्या 2,700 रुपयांसाठी आईची सगळी पुंजी निफ्टीच्या तोंडी बांधली आहे.

किती बांधली आहे? बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2024 च्या अखेरीपासून निर्देशांकाच्या एका लॉटची किंमत 15 लाखांच्या वर नेली. तुमचे 8 लॉट म्हणजे साधारण 1.3 कोटींचा निफ्टी. स्ट्राइकच्या, म्हणजे ज्या पातळीचा ऑप्शन विकला तिच्या, पलीकडे बाजार 1 टक्का गेला की 1.3 लाख. आता 4 जून 2024 आठवा, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर होता. निकालाच्या दिवशी एका टप्प्यावर आठ टक्क्यांहून जास्त आपटला आणि बंद होताना सुमारे सहा टक्के खाली होता. तुमचा पुट 3 टक्के लांब असता तर बंद भावाला 4 लाखांचा फटका. आणि बंद भावापर्यंत तुम्हाला कोण थांबू देतंय? बाजारात उलथापालथ झाली की मार्जिनची मागणीच वाढते. तुमचं प्लेज तितकंच राहतं, तूट पडते, आणि ब्रोकरची जोखीम यंत्रणा तळाच्या आसपास तुमचे सौदे कापून मोकळी होते. तिथे 7 लाख.

23 मार्च 2020 ला बाजार 10 टक्के पडून 45 मिनिटं बंद राहिला, पुन्हा उघडल्यावर आणखी पडला, दिवसअखेर निफ्टी 13 टक्के खाली. तेव्हा प्रीमियम (ऑप्शनचे भाव) मोठे होते, मी स्ट्राइक फार लांब घेतला असता, असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे, 4 टक्के लांब धरू. उरलेले 9 टक्के गुणिले 1.3 कोटी, म्हणजे पावणेबारा लाख. त्या 45 मिनिटांत तुमचा स्टॉपलॉस, अल्गो आणि ब्रोकर तिघेही नुसते बसून असते.

आईला याची कल्पना आहे का, हे पत्रात नाही. बहुधा तिला ‘म्युच्युअल फंडात आहेत’ इतकंच माहीत असावं, आणि ते खोटंही नाही! पण फंड तुमच्या नावावर, प्लेज ब्रोकरकडे, आणि सौद्यांचं देणं तुमचं. उद्या तोटा आला तर ब्रोकर ती युनिट्स विकताना हे पैसे मुळात कुणाचे, हे विचारणार नाही. तुमचंच काही बरंवाईट झालं तर वारसाच्या हिशेबात ही तुमची मालमत्ता. पत्नी, मुलं आणि आई अशी वाटणी होईल. स्वतःच्याच पैशात आईला हिस्सा मागायची वेळ येईल. बहीण-भाऊ असतील तर त्यांच्याशी होणारं बोलणं वेगळंच.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न.

24 चा ट्रिगर लागला की एक्सचेंजला एवढंच कळतं की आता 26 पर्यंत खरेदीची ऑर्डर लावायची. 26 च्या आत विकणारा कुणी असेल तर ती पुरी होते. त्या क्षणी सगळ्यात स्वस्त विकणारा 31 वर होता, म्हणून ती पडून राहिली. यंत्रणा बिघडली नाही, तिने तुम्ही सांगितलं तेच केलं. स्क्रीनवर डेप्थमध्ये दोन्ही बाजूंचे पाच-पाच भाव दिसतात, शांत दिवशी त्यांत पाच-दहा पैशांचंच अंतर असतं, आणि आपल्याला वाटतं की ही लिक्विडिटी, म्हणजे समोर घेणारे-विकणारे, कायम आपल्यासाठी उभी आहे. ती मोठ्या संस्थांच्या यंत्रांनी लावलेली असते आणि तीच यंत्रं ती डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून घेतात. नोव्हेंबर 1994 मध्ये एनएसईवर शेअरचे स्क्रीनवरचे सौदे सुरू झाले, त्याआधी दलाल स्ट्रीटच्या रिंगणात जॉबर दोन्ही बाजूंचे भाव ओरडायचे. वाईट दिवशी तेही पाठ फिरवायचे, पण निदान त्यांची पाठ दिसायची.

मग लिमिट काढून मार्केट स्टॉपलॉसच, म्हणजे ट्रिगर लागला की मिळेल त्या भावाला खरेदी करणारी ऑर्डरच लावू, असं मनात आलं असेल. ऑप्शनमध्ये ते करता येत नाही, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये निफ्टीचा 16450 चा कॉल शंभर-सव्वाशेवरून काही क्षणांत आठशेच्या वर जाऊन परत खाली आला. तेवढ्यात ज्यांचे मार्केट स्टॉपलॉस लागले, त्यांना मिळेल त्या भावाला खरेदी झाली. त्यानंतर 27 सप्टेंबर 2021 पासून एनएसईने ऑप्शनमधल्या मार्केट स्टॉपलॉस ऑर्डर बंद केल्या. 5 ऑक्टोबर 2012 ला तर एका ब्रोकरकडून गेलेल्या साडेसहाशे कोटींच्या चुकीच्या विक्रीने निफ्टी क्षणभर पंधरा-सोळा टक्के खाली गेला होता. समोर घेणारे संपले की मार्केट ऑर्डर भाव शोधत तळापर्यंत जाते. लिमिट लावा तर सौदा होण्याची खात्री नाही, न लावा तर भावाची नाही.

हे 60 हजारांच्या सॉफ्टवेअरने कसं सुटणार? तेही तीच लिमिट ऑर्डर, त्याच ब्रोकरमार्फत, त्याच रांगेत पाठवणार. समोर ज्यांच्याशी स्पर्धा आहे त्यांचे सर्व्हर एक्सचेंजच्याच आवारात आहेत; तुमची ऑर्डर घरच्या ब्रॉडबँडवरून निघते. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालात 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणारे 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. शेवटच्या वर्षात परदेशी संस्था आणि प्रॉप डेस्कनी (स्वतःच्याच पैशांनी ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांनी) कमावलेल्या नफ्यापैकी 96-97 टक्के अल्गोमधून आला. त्या अल्गोत आणि तुम्हाला मिळणाऱ्या अल्गोत नावापलीकडे फारसं साम्य नाही.

‘महिना 4 टक्के’ बद्दल: 18 लाख दरमहा 4 टक्क्यांनी दहा वर्षं वाढले तर 20 कोटी होतात. ज्याच्याकडे हे आहे तो तुमच्या 60 हजारांसाठी रोज फोन का करेल? बॅकटेस्टमध्ये प्रत्येक स्टॉपलॉस 24 ला लागला म्हणजे 24 लाच कापलं गेलं असं धरतात. तुमचा 31 आणि 62 त्यात कुठेच नसतो. आतलं तर्कशास्त्र न दाखवता असा अल्गो विकणाऱ्याला सेबीच्या नियमाने रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते, आणि परताव्याचे दावे करणाऱ्या अल्गोवाल्यांशी ब्रोकरला संबंध ठेवता येत नाही. त्याला नोंदणी क्रमांक विचारा. फोन बहुधा थांबतील.

ऑप्शन विकायचेच असतील तर विकलेल्या प्रत्येक पुट आणि कॉलबरोबर आणखी लांबचा एकेक विकत घ्या. प्रीमियममधला चांगला भाग त्यात जाईल, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. पण एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते तेव्हा, विकत घेतलेल्या ऑप्शनचा हिशेब निर्देशांकाच्या बंद भावावर क्लिअरिंग कॉर्पोरेशन (सौद्यांची देणी-घेणी पुरी करणारी संस्था) करते. त्या क्षणी डेप्थमध्ये समोर कुणी आहे की नाही याने फरक पडत नाही. जास्तीत जास्त तोटा सौदा करतानाच कळतो. हे 1 किंवा 2 लॉटचं करा, तुमच्या 6 लाखांमधून. त्यातले 2 लाख गेले तर चालतील का, हे आधी पत्नीला विचारा.

रिटर्नबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, त्यामुळे फॉर्म 16 वरच भरत असाल असं धरतो. ऑप्शनचा नफा-तोटा हा व्यवसायाचा धरला जातो, त्यासाठी आयटीआर-3 लागतो. पहिल्या वर्षीचे अडीच लाख वेळेत दाखवले असते तर पुढे आठ वर्षं व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता आले असते. ती संधी गेली. नफ्याचं वर्ष मात्र सीए गाठून दुरुस्त करून घ्या, नोटीस येण्याची वाट बघू नका.

या मंगळवारची एक्स्पायरी संपली की नवीन स्ट्रँगल लावू नका. प्लेज काढायची विनंती टाका, युनिट मोकळी झाली की लगेच विका. लिक्विड फंडाचे पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात. ते आईच्या खात्यात वळवा आणि त्याच आठवड्यात तिला घेऊन पोस्टात किंवा बँकेत जा. सीनियर सिटिझन योजनेचं खातं तिच्या नावाने, तिच्या सहीने, नॉमिनी तिला हवा तो. व्याज तिमाहीला जवळपास 37 हजार जमा होईल. तिला महिन्याला 15 हजारांची सवय झाली असेल तर वरचे 2,700 पगारातून देत जा.