केमोथेरपी चालू असताना ॲक्युपंक्चर किंवा मसाज घेतला तर चालतो का?

होय, चालतो, परंतु मूळ उपचारांना जोड म्हणून आणि कर्करोगतज्ज्ञांना आधी सांगूनच. या पद्धतींनी गाठ कमी होत नाही. त्यांचे काम त्रास हलका करण्याचे आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने तेही थोडके नाही. सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजी आणि अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी यांच्या २०२२ च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत, स्तनाच्या कर्करोगावरील अरोमाटेज इनहिबिटर (शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटवणाऱ्या) गोळ्यांमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केलेली आहे. मळमळीसाठी तर सुईही लागत नाही: तळहाताच्या बाजूने मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटे अंतरावर, दोन कंडरांच्या (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांच्या) मधोमध अंगठ्याने दाब दिल्यास काहींना आराम पडतो; अर्थात डॉक्टरांनी दिलेली उलटीवरची गोळी चुकवू नये. मात्र प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) किंवा संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील तर सुया टाळाव्यात, आणि प्लेटलेट कमी असताना जोराचा मसाजही घेऊ नये. म्हणून प्रत्येक वेळी ताजा रक्ततपासणी अहवाल पाहूनच ठरवावे. पोटात घ्यायच्या ‘नैसर्गिक’ औषधांना हे उत्तर लागू नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, उदाहरणार्थ, इरिनोटेकन या केमोच्या औषधाचे रक्तातील सक्रिय प्रमाण घटवते.