४.० चं ४.६ करायचं, की आधी गिअर बदलायचे?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. १९९६ ची जीप चेरोकी, फोर-व्हील ड्राइव्ह, ऑटोमॅटिक, ४.० लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. दोन वर्षांपूर्वी ३१ इंची टायर टाकलेत आणि तेव्हापासून सामान भरून चढाला लागलं की गाडीला धाप लागते. अॅव्हरेजही पडलंय. इंजिन मात्र तेल पीत नाही, धूर टाकत नाही. गॅरेजवाल्याने ४.६ लिटरचा स्ट्रोकर, म्हणजे पिस्टनची धाव वाढवून क्षमता मोठी केलेलं इंजिन, बांधून देतो म्हणून आकडा दिलाय. तो उभा करायला सहा महिन्यांच्या घरखर्चाचा राखीव निधी दोन महिन्यांवर आणायचा आणि निम्म्या रकमेचं कर्ज काढायचं, असा बेत आहे. ‘इतकी वर्षं साथ दिली, तिच्यावर खर्च करावासा वाटतो’ असं तुम्ही लिहिलंय. ही ओढ मी खरी मानतो. म्हणूनच हा पैसा योग्य जागी लागावा असं मला वाटतं.

माझं उत्तर: आत्ता स्ट्रोकर नको. कर्ज काढून तर मुळीच नको.

आधी टायरचं बघू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. या गाडीला मूळचा २२५/७५ आर १५ टायर साधारण २८.३ इंच उंचीचा. ऑटोमॅटिक चेरोकीत बहुधा ३.५५ चा क्राउन-पिनियन असतो. क्राउन-पिनियन म्हणजे एक्सलमधली शेवटची गिअरजोडी; चाकाच्या एका फेरीला तिच्या आधीचा शाफ्ट ३.५५ फेऱ्या घेतो. तुमच्या गाडीत कोणता आहे ते खात्री करून घ्या. ३.५५ असेल, तर ३१ इंची टायरमुळे तो चाकाशी ३.२४ सारखा वागतो. म्हणजे इंजिनात काहीही न बिघडता प्रत्येक गिअरमध्ये गाडीची जवळजवळ ९ टक्के ओढ (खेचण्याची ताकद) गेली. त्याच टायरवर ४.१० चा क्राउन-पिनियन टाकला की हिशेब ३.७४ वर येतो. आताच्या तुलनेत १५ टक्क्यांहून थोडी जास्त ओढ मिळते आणि हायवेवर इंजिन कंपनीच्या मूळ जुळणीपेक्षा फक्त ५ टक्के जास्त फिरतं.

आता स्ट्रोकर. ४.० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९८.४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८६.७. याच घराण्यातल्या जुन्या ४.२ इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) बसवला की स्ट्रोक ९८.९ होतो आणि थोडा रिबोअर (सिलिंडर कोरून मोठा करणं) धरून इंजिन ४.६ लिटरच्या आसपास जातं. क्षमता वाढते सुमारे १६ टक्के. खालच्या फेऱ्यांवरची ओढही साधारण त्याच मापात वाढते. १५ आणि १६! चढावर तुम्हाला जे हवंय ते इंजिनला हात न लावता जवळपास तेवढंच मिळतंय. फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने पुढचा आणि मागचा, दोन्ही क्राउन-पिनियन एकाच वेळी बदलावे लागतील, हे खरं. तरीही ते काम अख्खं इंजिन उतरवून नव्याने बांधण्याच्या खर्चाजवळ जात नाही. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, पुन्हा मूळ मापाचे टायर, तोही यादीतून काढू नका. पुढच्या वेळी टायर झिजतील तेव्हा त्याचा मनापासून विचार करा.

अॅव्हरेजबद्दलही एक गोष्ट. स्पीडोमीटरची जुळणी टायरनुसार बदलून घेतली नसेल, तर गाडी १०९ किलोमीटर धावते तेव्हा मीटर १०० दाखवतो. तुम्ही मोजलेलं अॅव्हरेज तितकंच कमी येतंय. ते थोडं पडलं असेलही, पण कागदावर दिसतंय तितकं नाही.

गॅरेजच्या आकड्याकडे येतो. तो आकडा इंजिनाचा आहे, पण खर्च इंजिनापाशी थांबत नाही. मोठ्या इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, म्हणजे मोठे इंजेक्टर आणि ट्यूनिंग आलं. पिस्टन विचारपूर्वक निवडले नाहीत तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढतं आणि मग वरच्या ऑक्टेनचं, महाग पेट्रोल कायमचं मागे लागतं. वाढलेली ओढ पुढे गिअरबॉक्सला आणि एक्सलला सोसावी लागते. बऱ्याच चेरोकींना मागे डाना ३५ एक्सल आहे आणि मोठ्या टायरखाली तो नाजूक म्हणूनच ओळखला जातो. शिवाय ४.२ चं इंजिन १९९० नंतर जीपमध्ये आलंच नाही. जुना क्रँक मिळाला तर तो तीस वर्षांहून जास्त वयाचा असणार. तडा तपासणं, ग्राइंडिंग, बॅलन्सिंग हे सगळं आधी. या गोष्टी त्या आकड्यात आहेत का, हे लेखी विचारा. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचं असंच झालं होतं. इंजिन सुटं होऊन टेबलावर आल्यावर कामं निघत गेली आणि तोवर नाही म्हणायची सोय उरली नव्हती. बिल मूळ आकड्याच्या दीडपट झालं.

कर्जाचं गणित साधं आहे. समजा व्याज १२ टक्के आणि मुदत तीन वर्षं. शंभर उचलले तर महिन्याला ३.३ भरत एकूण १२० जवळ जातात. तोच हप्ता आधीपासून बाजूला टाकत गेलात तर तीस महिन्यांत शंभर हातात, व्याज न धरता. आणि गाडी विकायची वेळ आली तर स्ट्रोकरचा पैसा क्वचितच परत येतो; घेणारा गाडीचं वय आणि गंज बघतो. राखीव निधीबद्दल मी जास्त आग्रही आहे. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर ४.६ लिटर उपयोगाला येत नाही. सहा महिन्यांचे चार झाले तरी मी तुम्हाला अडवेन. दोन म्हणजे घर उघड्यावर टाकणं.

मग स्ट्रोकर कधीच नाही का? आहे, आणि तेव्हा मी स्वतः हो म्हणेन. ज्या दिवशी हे इंजिन ओव्हरहॉलला येईल, त्या दिवशी हिशेब पालटतो. इंजिन उतरवणं, रिबोअर, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हा खर्च तेव्हा होणारच असतो. मग स्ट्रोकरच्या नावावर फक्त वरचा फरक लिहायचा: क्रँक, त्याला जुळणारे पिस्टन, इंजेक्टर, ट्यूनिंग. आज चांगलं चालणारं इंजिन उघडलंत तर संपूर्ण खर्च त्या १६ टक्क्यांच्या नावावर पडतो.

ती वेळ किती लांब आहे हे अंदाजाने ठरवू नका. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब तयार करतो) आणि लीक-डाउन टेस्ट (दाब किती गळतो) करून घ्या, गरम इंजिनवर ऑइल प्रेशर बघा. सहाही सिलिंडरचे आकडे वहीत तारखेसह लिहा. एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन धडधाकट आहे. एखादा खूप खाली असेल तर त्यात थोडं तेल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत, तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. कधी हेड उतरलंच तर बोअरच्या वरच्या काठावरून नख फिरवून बघा. नख अडकण्याइतकी कड लागली तर रिबोअर जवळ आलाय. याच फेरीत स्पार्क प्लग, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का, हेही तपासा. मूळ १९० अश्वशक्तीतली काही अशा जागीही हरवलेली असते.

विमा कंपनीला आणि वाहन नोंदणीच्या कार्यालयाला इंजिनातला बदल आधी कळवावा लागतो का, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी विचारा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडकला तर ते नुकसान इंजिनाच्या खर्चाहून कितीतरी मोठं असतं.

तर क्रम असा ठेवा. या महिन्यात चाचण्या. त्या ठीक निघाल्या तर चालू उत्पन्नातून साठवून क्राउन-पिनियन, राखीव निधीला हात न लावता. त्याच महिन्यापासून कर्जाचा जो हप्ता भरणार होतात तो ‘इंजिन’ नावाच्या वेगळ्या खात्यात. सहा सिलिंडरचे आकडे आले की मला पाठवा. त्यात एखादा फार खाली निघाला तर हा सल्ला मी पुन्हा तपासेन.